दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदाच पकडलं, तर दंड भरून सुटता येतं का?

भाऊ, हे ई-चलान नाही, मोबाइलवरून भरून मोकळं व्हायला. प्रकरण थेट कोर्टात जातं.

वरळी असो की अंधेरी, नाकाबंदीत त्या प्लास्टिकच्या नळीत फुंकर मारायला लावतात. 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. ‘मी फुंकणारच नाही’ ही हुशारी चालत नाही, सबळ कारण नसेल तर तो नकारच तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरता येतो.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

पण खरा फटका लायसन्सचा. कलम 20 प्रमाणे दोषी ठरल्यावर कोर्टाने किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं असतं. गुन्हा कबूल करून दंड भरला तरी तुम्ही दोषीच ठरता, हे बरेच जण विसरतात. माझा मावसभाऊ ‘दहा हजारांत सुटलो’ म्हणत होता. मग सहा महिने सकाळी 8.12 च्या लोकलला लटकला. टॅक्सीवाल्याचं तर पोटच लायसन्सवर.

आणि पिऊन गाडी ठोकलीत तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी सहसा नाकारते. कबुली द्यायच्या आधी वकिलाला गाठा.