बर्लिनच्या सुडगेलँडे निसर्ग उद्यानात नुसतं गवत आणि गंजलेले रूळच आहेत का? किती वेळ ठेवावा?

दीड-दोन तास ठेवा. पण "नुसतं गवत" हे मला मान्य नाही. तिथे मुद्दाम जाऊन पाहण्यासारखं जे आहे, ते गवतच.

हे टेंपलहोफचं जुनं मालगाड्यांचं यार्ड. युद्धानंतर शहर विभागलं गेलं आणि १९५२ मध्ये इथलं काम थांबलं. पुढची कित्येक वर्षं रुळांमधल्या खडीत जे आपोआप रुजलं, तेच वाढलं. खडीत पाणी टिकत नाही, पोषण नाही, उन्हात ती भाजून निघते. अशा जागी जोमाचं गवत माजत नाही, म्हणून कोरड्या माळावरच्या नाजूक वनस्पतींना वाव मिळतो. मग बर्च आणि रॉबिनिया ही झाडं शिरतात. रॉबिनिया शेंगवर्गीय, तिच्या मुळांच्या गाठींमुळे जमिनीत नत्र वाढतं, वर सावली पडते, आणि माळ संपतो. १९८१ मध्ये ३७ टक्के जागेवर झाडझाडोरा होता, १९९१ पर्यंत तो ७० टक्क्यांवर गेला! म्हणूनच तिथे काही भागात रान वाढू देतात, पण माळावरची झाडं कापतात, मेंढ्या चारतात. "निसर्ग उद्यानात झाडं तोडतातच कशी?" असं विचारणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. मोकळी जमीन दिसली की खड्डे खणून रोपं लावायची, यात निसर्गाची सेवा नाही. कितीतरी माळ असेच मेले.

एस-बानच्या, म्हणजे शहरी रेल्वेच्या, प्रीस्टरवेग स्टेशनला उतरा, फाटक लागूनच आहे. तिकीट १ युरो, सुटं नाणं जवळ असू द्या. सायकल आत नेता येत नाही. १८ हेक्टरपैकी सुमारे ३.२ हेक्टरचा गाभा कडक संरक्षित आहे. तिथे जमिनीपासून उचललेल्या लोखंडी जाळीच्या वाटेवरूनच चालायचं. फोटोसाठी खाली उतरू नका, त्या पातळ मातीवर पाय पडला की झाडोरा लवकर सावरत नाही. टाचेची पादत्राणं जाळीत अडकतात. पाण्याची टाकी, इंजिन फिरवायची चकती, वाफेचं इंजिन वाटेवरच दिसतं, शोधावं लागत नाही.

हे सगळं मे-जूनसाठी. हिवाळ्यात माळ ओळखूही येत नाही. आणि लोखंडी सांगाड्यावर चढायची हौस असेल तर हे उद्यान तुमच्यासाठी नाही; जर्मनीतल्याच डुइसबर्ग शहरात जा, तिथे बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याच्या भट्टीवर चढता येतं.