पायथन शिकू का सी? सांगोल्याच्या मुलाचं पत्र

सांगोल्याजवळच्या एका गावातून पत्र आलंय, मुलाचं नाव देत नाही. जन्मापासून पूर्ण अंध, यंदा आर्ट्समधून बारावी पास झाला, मोबाईल टॉकबॅकवर, म्हणजे फोन बोलून दाखवतो त्या सोयीवर, झपाझप चालवतो, एमएससीआयटी झालंय आणि एका संस्थेकडून लॅपटॉप मिळालाय त्यात एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकलेलं आहे. प्रोग्रामिंग शिकायचंय. तालुक्याच्या क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले स्क्रीन दिसत नाही तर कोडिंग कसं करणार, मामेभाऊ म्हणतो सी पासून सुरू कर म्हणजे पाया पक्का होतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सांगितलं की पायथनमध्ये सगळा खेळ स्पेसचा असतो म्हणून अंधांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि बाबा, जे घरची चार जनावरं आणि डेअरीचं दूध सांभाळतात, ते म्हणतात बँकेची परीक्षा दे आणि मोकळा हो. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे, "आमच्यासाठी सगळ्यात ॲक्सेसिबल लँग्वेज कुठली?"

अरे, आधी उत्तर देऊन टाकते. पायथन घे. आणि एकदा घेतलीस की निदान सहा महिने बदलू नकोस, कुणी काहीही सांगितलं तरी.

आता का ते सांगते. कुठलीही लँग्वेज घेतली तरी कोड म्हणजे शेवटी साधी टेक्स्ट फाइल असते, ती वाचायला एनव्हीडीएला काहीच अडचण नाही. अडतं ते तू तो कोड कशात लिहितोस तिथे. पायथन इन्स्टॉल केलं की सोबत आयडल नावाचा एडिटर येतो, नवशिक्यांना बहुतेक जण तिथूनच सुरू करायला सांगतात, पण तो टीके नावाच्या टूलकिटवर बनलाय आणि त्यातल्या खिडक्या स्क्रीन रीडरला नीट समजत नाहीत. मग होतं काय, मुलगा टाइप करतो, कॉम्प्युटर गप्प बसतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. माझ्याकडे आलेली एक मुलगी तीन आठवडे अशीच गप्प खिडकीशी झगडत बसली होती आणि रडकुंडीला आली होती, एडिटर बदलून दिला तर त्याच संध्याकाळी तिचा पहिला प्रोग्राम चालला. म्हणून आयडल उघडूच नकोस, सरळ व्हीएस कोड नावाचा एडिटर टाक. फुकट आहे, आणि स्क्रीन रीडर चालू आहे हे ओळखून तो स्वतःची सेटिंग बदलून घेतो. अडलास की ऑल्ट एफ१ दाब, तिथली मदत खास स्क्रीन रीडरवाल्यांसाठी लिहिलेली आहे. कंट्रोल जी दाबून लाइनचा नंबर टाकला की थेट त्या लाइनवर जाता येतं, एफ८ दाबलं की पुढच्या चुकीवर. डोळस पोरं माऊस फिरवत चूक शोधत बसतात, तुला एका बटणावर मिळेल.

आता तो स्पेसचा विषय. ग्रुपवर जे सांगितलं ते अर्धं खरं आहे. पायथनमध्ये कुठली लाइन कुणाच्या पोटात आहे, म्हणजे इफच्या आतली का बाहेरची, हे लाइनच्या सुरुवातीच्या स्पेसवरून ठरतं. डोळस माणसाला ते नुसतं दिसतं. तुला ते ऐकायचंय, आणि एनव्हीडीए ते ऐकवतं, फक्त आधीपासून चालू नसतं म्हणून लोकांना माहीतच होत नाही. एनव्हीडीएचं बटण, कंट्रोल आणि डी एकत्र दाब, डॉक्युमेंट फॉरमॅटिंगची सेटिंग उघडेल, त्यात लाइन इंडेंटेशन सांगायचा पर्याय आहे, बोलून सांगायचं, टोनने सांगायचं किंवा दोन्ही. सुरुवातीला दोन्ही ठेव. टोनचं काय आहे, लाइन जितकी आत सरकलेली तितका सूर वर चढतो, प्रत्येक स्पेसला थोडा, आणि एका टॅबला चार स्पेसइतका. आठ दहा दिवसांत तुला "चार स्पेस, आठ स्पेस" ऐकायचीही गरज उरणार नाही, सूर वर गेला म्हणजे आत शिरलो, खाली आला म्हणजे बाहेर पडलो, हे पेटी वाजवणाऱ्याला सूर कळतो तसं आपोआप कळायला लागेल. एकच पथ्य पाळ, एका फाइलमध्ये टॅब आणि स्पेस मिसळायचे नाहीत, चार स्पेस म्हणजे चार स्पेसच.

आणि सीमध्ये हा त्रास नाही असं मामेभावाला वाटत असेल तर त्याला विचार, तीन महिरपी कंस लागोपाठ बंद झाले तर त्यातला कुठला कुणाचा हे डोळे मिटून सांगता येईल का? कानावर नुसतं "राइट ब्रेस, राइट ब्रेस, राइट ब्रेस" येतं. शिवाय कंस आणि सेमीकोलन ऐकू यायलाच पंक्च्युएशन लेव्हल, म्हणजे किती चिन्हं वाचायची ती पातळी, वाढवावी लागते, कोडसाठी सरळ "ऑल"वर ठेव, एनव्हीडीए आणि पी दाबून ती बदलते. ती पायथनलाही लागेलच, कारण तिथेही कंस, कोलन, कोट आहेत, फक्त संख्येने कमी. पण रोजचा पेपर वाचताना प्रत्येक स्वल्पविराम ऐकून डोकं उठेल, म्हणून एनव्हीडीएमध्ये व्हीएस कोडसाठी वेगळी प्रोफाइल बनव, म्हणजे तिथे गेलास की ऑल आणि इंग्रजी आवाज, बाहेर आलास की पुन्हा तुझं नेहमीचं. हे करायला अर्धा तास लागेल पण पुढची कितीतरी वर्षं उपयोगी पडेल.

सी वाईट नाही रे. कॉलेजात लागेल तेव्हा शीकच. पण नवशिक्याला एकाच वेळी लँग्वेज, एडिटर, स्क्रीन रीडरच्या नव्या की आणि वर इंग्रजी एवढं सगळं पेलायचं असतं, त्यात सीमधल्या पॉइंटरची गुंतागुंत कशाला. कोरम नावाची एक लँग्वेज आहे, अमेरिकेत अँड्रियास स्टेफिक यांनी बनवलेली, ती सुरुवातीपासून अंध मुलांचा विचार करून केलीय, महिरपी कंस नाहीत, ब्लॉक संपला की "एंड" लिहायचं. सहावी सातवीतलं मूल असतं तर मी हीच सांगितली असती. तुला तीनचार वर्षांत कमवायचंय, आणि कोरमवर नोकरी मागायला गेलास तर समोरच्याने नावही ऐकलेलं नसेल.

आणि एक गोष्ट तुला माहीत नसावी. जे एनव्हीडीए तू रोज वापरतोस ते मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी उभं केलंय, २००६ साली करनने सुरुवात केली, आणि ते बहुतांशी पायथनमध्येच लिहिलेलं आहे. त्याचा सगळा कोड उघडा आहे, उद्या तू तो वाचू शकतोस, त्यासाठी ॲड-ऑन लिहू शकतोस. स्पेसमुळे अंधांना पायथन जमत नाही म्हणणाऱ्याला एवढंच सांग. पुढे कधी स्वतःचा खिडक्या बटणांचा प्रोग्राम करावासा वाटला तर डब्ल्यूएक्सपायथन वापर, एनव्हीडीएची स्वतःची सेटिंगची खिडकी त्यातच बनलीय म्हणून ती बोलते.

क्लासच्या सरांना टी. व्ही. रमण माहीत नसतील. पुण्याचे, चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली, पुणे विद्यापीठातून गणित केलं, मग आयआयटी मुंबईतून कॉम्प्युटर सायन्स, १९९४ साली अमेरिकेत कॉर्नेलला पीएचडी. त्यांनी ईमॅकस्पीक नावाचं बोलतं सॉफ्टवेअर बनवलं, ज्यात कोडमधली कमेंट एका आवाजात आणि कीवर्ड दुसऱ्या आवाजात ऐकू येतो, म्हणजे डोळस माणसाला जे रंगाने कळतं ते कानाला आवाजाने. पुढे गूगलमध्ये गेले. ते ईमॅकस्पीक तू आत्ता शिकायला जाऊ नकोस, जड आहे. पण सर पुन्हा भेटले तर हे नाव त्यांना शांतपणे सांग, भांडू नको, कदाचित त्यांनी आजवर अंध विद्यार्थी पाहिलाच नसेल.

अजून एक कामाची गोष्ट. प्रोग्राम फुटला की पायथन एररचा मोठा ढीग ओततं. तो वरून ऐकायला लागू नकोस, थेट शेवटच्या लाइनवर जा, खरी चूक काय ते तिथे लिहिलेलं असतं, आणि मग एकेक लाइन वर चढत फाइलचा लाइन नंबर शोध.

काय जड जाईल तेही सांगते, नंतर तोंडघशी पडायला नको. स्क्रॅचसारखं ठोकळे ओढून जोडायचं प्रोग्रामिंग, गेम बनवायची बरीचशी टूल्स, स्क्रीनचं डिझाइन, इथे दर पावलाला कुणाचे तरी डोळे लागतील. बॅकएंड, डेटाबेस, ऑटोमेशन, टेस्टिंग हे सगळं टेक्स्टवर चालतं. आणि पायथनसोबत थोडं एचटीएमएल शीक, तुला ते अर्धं येतंच. वेबसाइटवर एच दाबून हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतोस ना, त्या उड्या बनवणारा टॅग म्हणजेच एचटीएमएल. लेबल नसलेलं बटण आलं की किती चीड येते हे तुला कुणी शिकवायला नको, ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंगमध्ये, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांना वापरता येते का ते तपासण्यात, नेमकी हीच जाण लागते, त्यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे वेबसाइटसाठीचे नियम वाचावे लागतील.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टीवाल्यांसाठी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर या महिन्यातच काढ, बाकी सगळं त्यावर अडतं. बँकेचा अभ्यास आणि प्रोग्रामिंग एकत्र चालू शकतं, सकाळी एक आणि रात्री एक. बीसीएला जायचं असेल तर आर्ट्सवाल्यांना बऱ्याच ठिकाणी घेतात पण कॉलेजची अट आणि सीईटीची तारीख आधी वाच, आणि परीक्षेला लेखनिक किंवा कॉम्प्युटर यातलं काय देणार ते फी भरायच्या आधी लेखी विचार. मुंबईला कधी गेलास तर सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे, तिथे जाऊन ये.

क्लास नाही मिळाला तरी सुरुवात थांबवू नको. पहिला महिना नुसतं कीबोर्ड आणि एडिटर, रोज एक तास, माऊसला हात नाही. दुसऱ्या महिन्यात व्हेरिएबल, इफ, फॉर, लिस्ट, फाइल वाचणं. आणि तिसऱ्या महिन्यात एक काम कर. डेअरीच्या पावत्या बाबांनी वाचून दाखवायच्या, सकाळ संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर, तू टाइप करायचं आणि प्रोग्रामने दहा दिवसांचं बिल काढायचं. मग डेअरीकडून आलेला आकडा आणि तुझा आकडा जुळतो का ते बाबांना वाचून दाखव. जुळला नाही तर आधी तुझा कोड तपास, फॉरच्या आतली बेरीज चुकून बाहेर आलीय का ते सुरावरून कळेल. आणि तोही बरोबर निघाला तर बाबांना पावत्या घेऊन डेअरीत पाठव. काय झालं ते मला कळव.