शौचाच्या एका तपासणीत काहीच सापडलं नाही, म्हणजे पोटात परजीवी नाहीत असं धरायचं का?

नाही, तसं धरू नका. जिआर्डियासारखे परजीवी रोज शौचातून पडतातच असं नाही, म्हणून एकेक दिवस सोडून तीन नमुने तपासायला सांगतात.

लॅबमध्ये काचपट्टीवर एकीकडे सलाईनचा थेंब, दुसरीकडे आयोडीनचा. दोन्हींत काडीच्या टोकाएवढं शौच मिसळून वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच. आधी सूक्ष्मदर्शकाच्या 10एक्स भिंगाखाली सगळी पट्टी बघायची, संशय आला की 40एक्स. सलाईनमध्ये हालचाल कळते: जिवंत जिआर्डिया गळणाऱ्या पानासारखा हेलकावे खात सरकतो, एकदा पाहिला की विसरत नाही. आयोडीनमध्ये सिस्टची, म्हणजे परजीवीच्या कवचातल्या निश्चल रूपाची, केंद्रकं उठून दिसतात आणि ती नीट मोजणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आमांश करणाऱ्या एन्टअमिबा हिस्टोलिटिकाच्या पक्व सिस्टमध्ये 4 असतात, निरुपद्रवी एन्टअमिबा कोलायमध्ये साधारण 8. इथे घाई केली तर माणूस उगाच औषधं घेत बसतो. (4 दिसली तरी निरुपद्रवी एन्टअमिबा डिस्पार हुबेहूब तशीच असते, ते वेगळं ओळखायला अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी लागते.)

शौच पातळ असेल तर अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवा. उशीर झाला की परजीवीची हालती रूपं, म्हणजे ट्रोफोझोइट, मरून विरघळतात. डबीत लघवी किंवा पाणी जाऊ देऊ नका.