डायलिसिसचा खोळंबा आणि ‘बसा, बोलावतो’

प्रश्न : माझ्या वडिलांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असते. आमची वेळ सकाळी अकराची आहे, पण प्रत्यक्ष सुरू व्हायला दीड वाजतो आणि तोवर ते बाहेरच्या बाकावर बसून असतात. विचारले की ‘बसा, बोलावतो’ एवढेच उत्तर मिळते. मागच्या आठवड्यात ‘वेळ झाली’ म्हणून चारऐवजी साडेतीन तासांतच मशीन बंद केले. तक्रार केली तर त्याचा राग वडिलांवर निघेल, अशी आईला भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : उशिराची काही कारणे खरी असतात. आधीच्या रुग्णाचा रक्तदाब मध्येच उतरला, तर शरीरातले जादा पाणी काढण्याचा वेग कमी करावा लागतो. सुया काढल्यावर फिस्टुलावर (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या हाताच्या रक्तवाहिनीवर) दाब देऊन रक्त थांबेपर्यंत त्याला उठवता येत नाही. आणि त्यानंतरचे मशीनचे निर्जंतुकीकरण घाईत उरकावे, असे तुम्हालाही वाटणार नाही. समोर रिकामे दिसणारे मशीन हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) असलेल्या रुग्णांसाठी राखीव असू शकते. मात्र यांतले एकही कारण असे नाही, की जे बाकावरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येऊ नये.

‘किती वेळ लागेल?’ या प्रश्नाला ‘बसा’ हेच उत्तर येते, असा माझाही अनुभव आहे. त्याऐवजी पोहोचताच इन्चार्ज सिस्टरना विचारा, ‘बाबांचे मशीन कोणते, आणि त्यावरच्या रुग्णाचे किती वाजता सुरू झाले?’ नऊला सुरू झाले असेल, तर एकला संपेल, पुढे साफसफाई, हा हिशेब तुम्हीच मांडू शकता. रोजच दीड वाजत असेल, तर अकराची वेळ केवळ कागदावर आहे. ती बदलून मागा.

मला अधिक काळजी वाटते ती कापलेल्या अर्ध्या तासाची. असे तिन्ही वेळा झाले, तर आठवड्याच्या बारा तासांतून दीड तास गेला. रक्तदाब उतरल्याने डॉक्टरांनी लवकर थांबवणे वेगळे. ‘वेळ झाली’ हे वैद्यकीय कारण नव्हे. एका वहीत सुरुवात, समाप्ती आणि आधीचे-नंतरचे वजन लिहीत जा आणि ती वही किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. ताटकळताना धाप लागली, छातीत धडधडले किंवा हातापायांतली शक्ती गेली, तर नंबराची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.

आईंची भीती अनाठायी नाही, कारण पुन्हा त्याच हातांत हात द्यायचा असतो. म्हणून पत्रात कुणा टेक्निशियनचे नाव घालू नका. पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्या आणि पोच घ्या. रुग्णालय खासगी असेल, तर जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे त्याला बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही, तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे जाता येते. मजकूर एवढाच पुरे : ‘अमुक तारखेस दिलेली वेळ ११.००, सुरुवात १.२५, समाप्ती ४.५५. वेळ कमी करण्याचे कारण कृपया लेखी कळवावे.’