पॉन्टून नंतर, आधी ती पॉलिसी

मिनेसोटातल्या मेपल ग्रोव्हहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, आयटीतली नोकरी, पगार १ लाख ४० हजार डॉलर. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहेत. पत्नी एच-४च्या, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावरच्या, वर्क परमिटवर अर्धवेळ काम करतात. मुलं ११ आणि ७ वर्षांची. दर उन्हाळ्यात सांगलीहून आई-बाबा येतात. आईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणं होत नाही. म्हणून सगळ्यांना एकत्र तळ्यावर नेता येईल अशी पॉन्टून, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट डेकची बोट, त्यांना घ्यायची आहे. नजरेत दोन आहेत. पहिली नवी कोरी, २२ फुटी, तीन नळ्यांची ट्रायटून, १५० हॉर्सपॉवर, ट्रेलरसकट ५८ हजार डॉलर. दुसरी २०१६ची, २० फुटी, दोन नळ्यांची, ६० हॉर्सपॉवर, ट्रेलरसकट १९ हजार. कोणती घेऊ, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

दुसरी. पण आत्ता नाही.

आत्ता का नाही, याचं कारण पत्राच्या मधल्या परिच्छेदात आहे. तुम्ही लिहिता, "डाउन पेमेंटचे १२ हजार आययूएल पॉलिसीवर कर्ज काढून भरणार आहे. टॅक्स-फ्री आहे आणि पैसे आपलेच आहेत." पुढे लिहिता, "त्या पॉलिसीसाठी ४०१-के ६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला." ही दोन वाक्यं वाचल्यावर मी बोटींचे फोटो बाजूला ठेवले. आययूएल म्हणजे शेअर बाजाराच्या इंडेक्सशी व्याज जोडलेली आयुर्विमा पॉलिसी, आणि ४०१-के म्हणजे नोकरीतून भरायचं निवृत्तीचं खातं.

तुमची कंपनी ६ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर मॅच देते, म्हणजे तुम्ही भराल तेवढेच स्वतःचे घालते. तुम्ही ३ टक्के भरता. उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाला ४,२०० डॉलर. हा तुमच्या पगाराचाच भाग आहे आणि तो तुम्ही दरवर्षी कंपनीकडेच सोडून देताय. तीन वर्षांत साडेबारा हजार गेले. बोटीच्या डाउन पेमेंटपेक्षा जास्त.

आता पॉलिसी. महिना १,२०० डॉलर प्रीमियम, तीन वर्षांत भरले ४३ हजार. खात्यावर दिसतात ३१ हजार. आज बंद केली तर हातात १९ हजार. म्हणजे २४ हजारांचा खड्डा, तोही शेअर बाजार न पडता. तुम्ही पाठवलेल्या इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या पुढच्या वर्षांच्या अंदाजाच्या तक्त्यात, ७ टक्क्यांचा रकाना कोणीतरी पिवळ्या मार्करनं रंगवला आहे. त्याच्या डावीकडचा 'गॅरंटीड' रकाना बघा. तुमच्या ६७व्या वर्षी तिथे शून्य आहे. विमा कंपनी लेखी हमी देते ती त्या रकान्याची. रंगवलेल्या रकान्याची हमी कोणीच देत नाही.

इंडेक्स वर गेला तरी तुम्हाला कॅपपर्यंतच, म्हणजे ठरलेल्या कमाल दरापर्यंतच मिळतं. तुमची कॅप ९ टक्के आहे आणि ती बदलायचा हक्क कंपनीकडे आहे. इंडेक्समधल्या कंपन्यांचा लाभांश तुमच्या वाट्याला येत नाही. "बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही" हे व्याजापुरतं खरं आहे, पण त्या वर्षीही विम्याचा खर्च खात्यातून कापला जातो आणि वयाबरोबर तो वाढत जातो. यातून ७ टक्के, करमुक्त, आयुष्यभर निघतील अशी आशा ठेवू नका. अशा आशेवर कुटुंबाचे १,२०० डॉलर महिना लावायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पॉलिसी विकणारा माणूस महाराष्ट्र मंडळातला, मुलाच्या मित्राचा बाबा, म्हणून आपण कागद वाचत नाही, आणि नेमक्या त्याच विश्वासावर या पॉलिसी खपतात.

पॉलिसी विकणाऱ्या त्या मित्रानं तुम्हाला असंही सांगितलं की भारतात परत गेलात तर ४०१-के अडकतो. अडकत नाही. तुमचे पैसे आणि व्हेस्ट झालेला, म्हणजे पूर्णपणे तुमच्या नावावर झालेला मॅच तुमचाच राहतो, सांगलीत बसूनही. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढला तर सहसा १० टक्के दंड आणि वर कर, हे खरं. म्हणून तो तसाच राहू द्यायचा आणि वेळ आली की काढायचा.

पॉलिसीवरचं कर्ज "आपलेच पैसे" नसतं. कंपनी तुम्हाला व्याजानं पैसे देते आणि तारण म्हणून पॉलिसी ठेवते. दोन-तीन वर्षं इंडेक्सनं काही दिलं नाही, वर खर्च कापले गेले आणि कर्ज फुगत राहिलं, तर पॉलिसी बंद पडू शकते. मग विमा गेला, पैसे गेले, आणि बोटीचा हप्ता तेवढा चालू.

तुम्ही म्हणाल, सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर कापली जाणारी रक्कम, दरवर्षी कमी होतोय, अजून थोडं थांबू. तो चार्ज आज १२ हजार आहे आणि तुमच्या कागदांप्रमाणे शून्यावर यायला सात वर्षं लागतील. त्या सात वर्षांत ४०१-के ३ टक्क्यांवरच राहिला तर बुडणारा मॅच होतो २९ हजार. बारा वाचवायला एकोणतीस सोडायचे नाहीत.

क्रम मात्र चुकवू नका. आधी २० वर्षांची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे गुंतवणूक नसलेला नुसता विमा, १५ लाख डॉलरची. तब्येत ठीक असेल तर महिना १०० ते १५० डॉलर पडेल. सध्याच्या पॉलिसीतलं विम्याचं कवच फक्त ५ लाखांचं आहे. घराचं कर्ज आणि दोन मुलं पाहता ते अपुरं आहे. टर्म मंजूर होऊन चालू झाली की मगच जुनी सरेंडर करा. वैद्यकीय तपासणीत काही निघालं आणि टर्म नाकारली गेली, तर जुनीला हात लावू नका, मला पुन्हा लिहा. सरेंडरवर कर बसणार नाही, कारण भरले त्यापेक्षा कमीच मिळताहेत. आणि हे सगळं विमा कंपनीला थेट, लेखी कळवा. मंडळातल्या मित्राशी भांडायची गरज नाही आणि त्यांची परवानगीही लागत नाही.

हातात येणारे १९ हजार बोटीकडे वळवायचे नाहीत. तुमचा महिन्याचा खर्च साडेसात हजार आणि बचत खात्यात आहेत नऊ हजार. एच-१बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला सहसा जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि पत्नीचं वर्क परमिटही तुमच्याच स्टेटसवर उभं आहे. म्हणजे दोन्ही पगार एकदम थांबू शकतात. नऊ आणि एकोणीस मिळून २८ हजार, जेमतेम पावणेचार महिने. तुमच्या परिस्थितीत मला सहा महिने हवे आहेत, पण निदान एवढे तरी लगेच उभे राहतील. नोकरी फेब्रुवारीत गेली तर तळी गोठलेली असतात. तेव्हा मिनेसोटात पॉन्टून विकून पाहा, घेणारा हवी ती किंमत पाडून मागेल.

आता बोटीचं गणित, कारण नव्या बोटीचा मोह अजून गेलेला नसेल. सेल्स टॅक्स धरून ट्रायटून ६२ हजारांवर जाते. १२ भरून ५० हजारांचं कर्ज, ८ टक्के, १५ वर्षं: हप्ता ४८० डॉलर, एकूण फेड ८६ हजार. पाच वर्षांनी विकायला काढलीत तर बँकेचे ३९ हजार देणं असेल, आणि बोटीला तेवढे येतीलच असं धरू नका. शिवाय तुमच्याकडे गाडी टोयोटाची सिएन्ना मिनिव्हॅन. तिची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड. ट्रायटून, इंजिन, ट्रेलर आणि पेट्रोल मिळून साडेचार हजारांच्या पुढे जातात. म्हणजे एक तर ट्रक घ्या, नाही तर मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, जागा भाड्यानं घ्या. हप्ता, जागा, विमा, हिवाळ्याआधीचं विंटरायझिंग, श्रिंक-रॅप, पेट्रोल धरलं तर वर्षाला १२ हजार. मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात, पंधरा-सोळा वीकेंड. त्यातून पाऊस, सॉकर, वाढदिवस आणि मंडळाचे कार्यक्रम वजा केले की दहा फेऱ्या उरतात. एका फेरीला १,२०० डॉलर. तशीच पॉन्टून दिवसभर भाड्यानं घेतली तर पेट्रोलसकट पाचशेच्या आसपास.

"बोट अ‍ॅपवर भाड्यानं देऊन हप्ता निघेल" हेही तुम्ही लिहिलं आहे. हा हिशोब सोडून द्या. घरगुती बोटीचा विमा सहसा भाड्यानं दिलेल्या बोटीला लागू होत नाही, आणि एच-१बीवर असा धंदा चालवता येतो का, हे इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यात पाऊलही टाकू नका. ग्रीन कार्डाची इतक्या वर्षांची रांग एका बोटीपायी धोक्यात घालायची नाही.

तर या उन्हाळ्यात आई-बाबा आले की भाड्यानं न्या. पाच-सहा वेळा गेलात तरी तीन हजार, मार्चच्या सहा हजारांच्या बोनसमधून सहज. पॉन्टूनचा डेक सपाट, दार रुंद, धक्क्यावरून एका पावलात आत. आईंना सोयीची आहे हा तुमचा अंदाज अगदी बरोबर. शक्यतो एकदा दोन नळ्यांची घ्या, एकदा तीन नळ्यांची. मोठ्या तळ्यावर वारा सुटला की ट्रायटून जास्त स्थिर वाटते आणि वेगही पुष्कळ. पण आजी-आजोबांना घेऊन संथ फिरायला, मुलांना ट्यूबवर ओढायला ६० हॉर्सपॉवर पुरते. मंडळातल्या बारा जणांना वर्षातून एकदा न्यायचं असेल तर त्या एका दिवसासाठी मोठी भाड्यानं मिळते.

पॉलिसीचे १,२०० सुटले की ४०१-के परत ६ टक्क्यांवर न्या. ते पैसे कर कापण्याआधीच्या पगारातून जातात, त्यामुळे टर्मचा हप्ता गेल्यावरही महिना ८०० उरतील. दीड वर्षात चौदा हजार, वर पुढच्या मार्चचा बोनस. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत १९-२० हजार रोख जमतील. मालकांना आणखी एक हिवाळा बोट सांभाळायची नसते, तेव्हा भावही नरम असतात. कर्ज नको.

तेव्हा कदाचित ही २०१६ची गेलेली असेल. दुसरी मिळेल. बघायला जाताना दाराजवळ आणि मागच्या कोपऱ्यांत टाच दाबून उभे राहा. कार्पेटखालचं प्लायवूड दबलं तर ते कुजलेलं आहे. नळ्यांच्या जोडांवर नवीन वेल्डिंग दिसलं तर कारण विचारा. इंजिनच्या खालच्या भागातलं तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट मेकॅनिककडून करून घ्या, दोनशे डॉलर गेले तरी चालतील. आणि सिएन्नाचं काय ते आधी बघा, ३,५०० पौंडांत ही बोटही काठावरच बसेल. ट्रेलरसकट वजन कागदावर मागा.