इतिहास मंडळात नव्याने येणाऱ्यास

पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ते १९१० मध्ये स्थापन केले. धुळ्यातही राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. इतिहासाची पदवी नाही म्हणून अशा संस्थांची पायरी चढण्यास संकोच करू नका. आधी जाहीर व्याख्यानांना नियमित जात राहा, ओळखी आपोआप होतील.

मात्र जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी लिपी लवकर शिकून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. मोडीत ओळभर शिरोरेघ आधी ओढून अक्षरे तिच्याखाली लिहीत आणि शब्द सहसा तोडत नसत, त्यामुळे मुळाक्षरे पाठ झाली तरी पहिले पत्र लागायला वेळ जातो. छापील लिप्यंतर असलेले पत्र मुळाशेजारी ठेवून वाचण्याचा सराव मला सर्वांत उपयोगी वाटतो. कालगणनाही समजून घ्यावी लागेल. जुन्या कागदांत शुहूर सन या कालगणनेचे वर्ष अरबी शब्दांत लिहिलेले आढळते. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर व हजार, अर्थात शुहूर सन ११७३. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने त्यात ५९९ मिळवले की त्याचा आरंभ इ. स. १७७२ मध्ये येतो, आणि त्याच वर्षातल्या १ जानेवारीपासून पुढच्या तारखेसाठी ६०० मिळवावे लागतात.

कागद हाताळताना हात कोरडे असावेत, टिपणे पेन्सिलीनेच घ्यावीत आणि रुमाल (कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे) व दफ्तर यांचा क्रमांक तिथल्या तिथे नोंदवावा. क्षेत्रभेटीत सापडलेले खापर किंवा नाणे खिशात घालू नये. जागेवरच छायाचित्र काढून जाणकारांना कळवावे.