हक्क कोणता आणि सरकारची जबाबदारी कुठवर?

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करतो. माझ्या पगारातून आयकर आणि व्यवसाय कर नियमाने कापला जातो. शेजारच्या अनधिकृत वस्तीला महापालिकेने पाणी द्यावे की नाही, यावरून आमच्या सोसायटीत वाद झाला. माझ्या मते हक्क म्हणजे सरकारने आपल्या आयुष्यात ढवळाढवळ न करणे. पाणी, घर, काम यांनाही हक्क म्हटले, तर त्यांचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो. मग सरकारची जबाबदारी थांबते कुठे?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : भार दुसऱ्यावर पडतो हे आपले म्हणणे खरे आहे, पण तो केवळ पाणी किंवा काम यांच्याच बाबतीत पडतो असे नाही. आपल्या मालमत्तेला कोणी हात लावू नये, या हक्कालाही पोलीस ठाणे आणि न्यायालय लागते, आणि ज्याच्याकडे मालमत्ताच नाही तोही रोजच्या खरेदीवर कर भरून त्या खर्चाला हातभार लावत असतो. त्यामुळे सरकारने काही द्यायचे की नुसते दूर राहायचे, एवढ्यावरून सीमा ठरत नाही. काय द्यायचे, किती द्यायचे आणि ते न मिळाल्यास माणसाचे काय होईल, यावरून ती ठरवावी, असे माझे मत आहे.

राज्यघटनेने ही अडचण ओळखली होती. काम, शिक्षण, आजारपण व वार्धक्यातील साहाय्य यांविषयीच्या ४१व्या कलमात आर्थिक क्षमतेची मर्यादा स्पष्ट घातलेली आहे, आणि ३७व्या कलमानुसार अशी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणून घेता येत नाहीत. कायदे करताना ती लागू करणे हे मात्र राज्याचे कर्तव्य आहे. आपण उल्लेखलेला व्यवसाय कर हे त्याचेच उदाहरण आहे. महाराष्ट्राने तो १९७५ साली बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. १९७७च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढांना कामाचा हक्क दिला, पण तो अंगमेहनतीच्या अकुशल कामाचा. आवडीची नोकरी मागण्याचा नव्हे.

आता आपल्या सोसायटीतील वादाकडे येऊ. १ जानेवारी २०००नंतर उभ्या राहिलेल्या मुंबईतील झोपड्यांना पाणी नाकारले जात होते, त्याविरुद्ध पाणी हक्क समिती मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, पाणी हा २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याने केवळ झोपडी बेकायदा आहे म्हणून ते पूर्णपणे नाकारता येणार नाही, आणि महापालिकेने त्यासाठी धोरण आखावे. मात्र कायदेशीर इमारतींत राहणाऱ्यांच्या बरोबरीने पुरवठा मागण्याचा हक्क या रहिवाशांना नाही, महापालिका त्यांच्याकडून जास्त दर घेऊ शकते आणि पाणी मिळाले म्हणून झोपडी अधिकृत ठरत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. मला हा निर्णय मोलाचा वाटतो. पाण्यावाचून माणूस काही दिवसांपलीकडे जगत नाही, त्यामुळे येथे शून्य हे उत्तर असूच शकत नाही.

घराच्या बाबतीत सीमा बरीच अलीकडे येते. पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावलेला मानला, तरीही पदपथ अडवून राहण्याचा हक्क मान्य केला नाही. हटवण्यापूर्वी नोटीस द्यावी, १९७६च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, आणि पावसाळा सरल्यावर आणखी एक महिना, म्हणजे त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणाला हटवू नये, एवढ्या जबाबदाऱ्या मात्र न्यायालयाने घातल्या. प्रत्येकाला मुंबईत घर देणे सरकारच्या आवाक्याबाहेरचे असेल. मुसळधार पावसात कोणाला उघड्यावर न काढणे आवाक्याबाहेरचे नाही.

तातडीच्या उपचारांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या प्रकरणात पैशाच्या टंचाईची सबबही स्वीकारली नाही. याउलट १९९८ साली पंजाबच्या प्रकरणात, सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारखर्चाच्या परताव्यावर राज्याने घातलेली मर्यादा त्याच न्यायालयाने मान्य केली.

तेव्हा त्या वस्तीला पाणी द्यायचे की नाही, हा आपल्या सोसायटीपुढचा प्रश्न उरलेला नाही. दर किती असावा, किती कुटुंबांमागे एक नळजोडणी असावी, आपल्या इमारतीच्या पुरवठ्याचा दाब त्यामुळे कमी होईल का, हे प्रश्न रास्त आहेत, आणि ते महापालिकेच्या विभाग कार्यालयातील जल विभागाकडे लेखी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.